डाव्या मागच्या चाकाचा ताप

तुळजापूरचा घाट उतरताना ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा दोन बोटं जास्त खाली गेलं. मागच्या सीटवर आई होती, मांडीवर देवीच्या प्रसादाची पिशवी. शेजारी भाचा खिडकीतून बाहेर बघत बसलेला. मी कुणाला काही बोललो नाही. गाडी तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरला आणली, इंजिनाने आवाज केला, वेग पडला. पेडल दोनदा पटपट मारलं तेव्हा ब्रेक वर आला. घाट लहानच आहे, पण तेवढ्या पाच मिनिटांत शर्ट पाठीला चिकटला.

खाली सपाटीला लागल्यावर तामलवाडीच्या अलीकडे एका टपरीपाशी गाडी लावली. दार उघडलं आणि वास आला. करपलेल्या बेल्टचा असतो तसा, घशाला कोरड आणणारा. डाव्या मागच्या चाकाजवळ वाकलो तर तोंडावर धग आली. एप्रिलची दुपार, एक वाजलेला, रस्त्याचं डांबरच तापलेलं, तरी त्या चाकाची धग वेगळी कळत होती. व्हीलकॅपच्या कडेने काळं ग्रीस ओघळून रिमवर आलं होतं.

टपरीवाल्याचा पोरगा पाण्याचा जग घेऊन धावत आला. त्याचा हात धरला. तापलेल्या ड्रमवर पाणी कधीही ओतू नका. ड्रम म्हणजे चाकाच्या आतलं ब्रेकचं गोल भांडं, ते बिडाचं असतं. तापलेल्या बिडावर एकदम गार पाणी पडलं की त्याला तडा जाऊ शकतो. तो वरून दिसत नाही आणि नंतर कधीतरी, जोरात ब्रेक मारायची वेळ येते तेव्हा दगा देतो. आम्ही पाऊण तास सावलीत बसलो, दोन-दोन चहा झाले. हँडब्रेकही ओढला नाही. गाडी पहिल्या गिअरला ठेवून चाकाला दगड लावला. ड्रम तापलेला असताना हँडब्रेक ओढून ठेवला तर ड्रम गार होताना आकसतो आणि आतल्या शूला, म्हणजे ड्रमला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या कमानींना, घट्ट पकडून बसतो. नंतर तीसच्या वेगाने, ब्रेकला शक्यतो पाय न लावता, सोलापूरचा जुना तुळजापूर नाका गाठला. आईला घरी सोडल्यावरच मोकळा श्वास घेतला.

हा दोष सापडायला त्याआधी दोन गॅरेज झाली होती आणि त्यानंतर माझे तीन रविवार गेले. दोष ज्या जागी होता ती जागा पहिल्याच गॅरेजवाल्याने बघितली होती, आणि बघून नेमकं उलटं काम केलं होतं. आपल्या सोलापुरात वीस-बावीस वर्षांच्या गाड्या रोज रस्त्यावर आहेत, कुणाची तरी आई मागच्या सीटवर बसलेली असते. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

गाडी मारुती 800, 2003 सालची. मी 2011 मध्ये सेकंडहँड घेतली. ही गाडी 1983 साली निघाली आणि 2014 साली कंपनीने बनवणं थांबवलं, पण इतक्या गाड्या विकल्या गेल्या आहेत की सुटे भाग अजून सहज मिळतात. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक. पंधरा वर्षं झाल्यावर एकदा आणि त्यानंतर पाच वर्षांनी परत, असं दोनदा आरटीओत रीपासिंग करून घेतलं. इंजिन अजून गोड आहे.

त्रासाची सुरुवात डिसेंबरात झाली. गाडी जड चालायला लागली. नीलमनगरमधून कारखान्याकडे जाताना एक हलका उतार लागतो. तिथे मी कायम न्यूट्रल करून गेटपर्यंत जायचो. (न्यूट्रलवर उतार उतरणं चुकीचं आहे हे आता कळतं, सवय सोडली आहे.) डिसेंबरात गाडी गेटच्या बरीच अलीकडे थांबायला लागली. लिटरला 18 देणारी गाडी 14 वर आली. मी एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले. ब्रेककडे लक्षच गेलं नाही. जड चालणारी गाडी म्हटलं की आपण पुढे बॉनेट उघडतो, मागे कोण बघतो?

जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीतून हळूहळू येताना, पहिल्यांदा वास आला. पहिल्या गॅरेजवाल्याने ड्रम उघडले, दोन्हीकडचे शू बदलले, ड्रम लेथवर फिरवून आणले आणि जाता जाता हँडब्रेकची केबल आवळून दिली. "केबल ढिली होती, टाइट केली," असं सांगितलं. मला ते बरंच वाटलं. दहा दिवसांत परत वास. दुसऱ्या गॅरेजवाल्याने व्हील सिलिंडरचे (तेलाच्या दाबाने शू बाहेर ढकलतो तो) किट टाकले. आठ दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. दोघांनीही कष्ट केले, भागही खरेच बदलले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की चाक अडतंय कशामुळे, हे भाग बदलण्याआधी कुणी तपासलंच नाही. आणि मीही तसा आग्रह धरला नाही.

मी जॉबर आहे. 1994 पासून मागावर आहे. आधी अशोक चौकाजवळ साध्या पॉवरलूमवर, आता अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. मागालाही ब्रेक असतो. आडवा धागा नेणारा धोटा पलीकडच्या पेटीत वेळेवर पोचला नाही तर माग खटकन जागच्या जागी थांबला पाहिजे, नाहीतर शेकडो ताणे, म्हणजे उभे धागे, एका झटक्यात तुटतात. तोच ब्रेक गरजेपेक्षा घट्ट बसला तर माग चालतो, पण मोटार तापते आणि बेल्ट घासतो. मग नवीन पोरगा मोटार बदलायला निघतो. त्याला मी वर्षानुवर्षं एकच सांगत आलोय: तापलेल्या जागेला हात लाव, पण बदलू नकोस, आधी एकेक सोडव आणि कोण सोडल्यावर मोकळं होतं ते बघ. मागाच्या बाबतीत जे मी दुसऱ्याला शिकवतो ते स्वतःच्या गाडीला लावायचं घाटातून आल्यावर सुचलं.

पहिला रविवार नुसत्या मोजमापात घालवला. कारखान्यातल्या, कापड ताणून वाळवणाऱ्या स्टेंटर मशीनचं तापमान बघायची गन असते, लांबून लाल ठिपका मारून आकडा देणारी. ती मॅनेजरसाहेबांना विचारून घरी आणली. सकाळी सहाला, रस्ता मोकळा असताना, होटगी रोडला आठ किलोमीटर गेलो. ब्रेक जवळजवळ वापरलाच नाही, शेवटी गाडी आपोआप मंद होऊ दिली. उतरून चारही चाकांचं तापमान घेतलं. पुढची दोन्ही 50 अंशांच्या आसपास. उजवं मागचं 58. डावं मागचं 121. व्हीलकॅप काढून ड्रमच्या गंजलेल्या भागावरच ठिपका मारायचा. चकचकीत पत्र्यावर गन खोटा आकडा देते.

ब्रेक न वापरता चाक तापतंय म्हणजे ते ब्रेक मारल्यामुळे तापत नाही, कुणीतरी त्याला सतत धरून ठेवलंय. आणि तापतंय ते एकच चाक. दोन्ही मागची चाकं सारखी तापली असती तर संशय पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरवर किंवा हँडब्रेकच्या लिव्हरवर गेला असता, कारण ते दोन्ही चाकांना सामाईक. एकच तापतं तेव्हा दोष त्या चाकाकडे जाणाऱ्या वाटेवर कुठेतरी असतो. बेअरिंगचाही विचार केला. पण बेअरिंग गेलेलं असलं की घरघर ऐकू येते आणि चाक वर-खाली हलवलं की खेळ जाणवतो. इथे दोन्ही नव्हतं.

गन नसेल तर हात पुरतो. थेट ड्रमला लावू नका, चटका बसेल. उलटा पंजा रिमपासून चार बोटांवर धरायचा. चार चाकांत फरक असेल तर आंधळ्यालाही कळेल.

दुसऱ्या रविवारी गाडी घराच्या बोळात घेतली. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे, मागून जॅक, आणि जॅकवर भरवसा न ठेवता खाली स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालणारे लोक मी बघितलेत, कृपा करून घालू नका. हँडब्रेक खाली, गाडी न्यूट्रलला. उजवं चाक हाताने ढकललं, दोन-अडीच फेरे फिरलं, आतून शू घासल्याची बारीक सळसळ. तेवढी चालते. डावं चाक दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा पाव फेरा फिरलं आणि थांबलं.

आता एकेक सोडवायचं. दोन सीटच्या मधलं हँडब्रेकचं कव्हर काढलं आणि केबलचे नट ढिले केले. डावं चाक तसंच. म्हणजे केबल निर्दोष, असं मी तेव्हा मनात लिहून टाकलं. मग गाडीखाली जाऊन डाव्या चाकाच्या मागच्या प्लेटवरचं निपल, म्हणजे ब्रेकचं तेल बाहेर काढायची छोटी तोटी, सोडलं. ही तपासणी फार कामाची आहे. कधी कधी ब्रेकचा रबरी होस आतून फुगतो. पाय दाबला की तेल जातं, पाय काढला की परत येत नाही. तसं असेल तर निपल उघडल्याबरोबर तेलाची पिचकारी उडते आणि चाक मोकळं होतं. माझ्याकडे तेल नुसतं ओघळलं. चाक जसं होतं तसंच घट्ट.

केबल नाही, तेलाचा दाब नाही. राहिलं ते ड्रमच्या आतलं. पण आतले शू नवे, सिलिंडरचे किट नवे. मी निपल बंद केलं, हात धुतले आणि शांती चौकाच्या पुढे एका शेडमध्ये बसणाऱ्या चाचांकडे गेलो. वय सत्तरच्या पुढे. पूर्वी पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरवर काम केलेले, आता डोळ्यांमुळे पोरंच काम करतात आणि चाचा खुर्चीवरून बघतात. माझी सगळी हकिगत त्यांनी मध्ये न बोलता ऐकली आणि म्हणाले, "गाडी जॅकवरच असू दे. मी येतो."

रिक्षाने आले. पाना मागितला नाही. पुढचं दार उघडून सीटवर अर्धे बसले आणि उघड्या पडलेल्या हँडब्रेकच्या नटांकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "सगळे नट पयल्यासारखे आवळ. लिव्हर वढ. आता सोड. आता बग."

मी वाकून बघितलं. केबल दोन, उजव्या चाकाची एक, डाव्या चाकाची एक, आणि दोघींच्या टोकाला एकेक नट. लिव्हर सोडल्यावर उजवा नट आपल्या जागेवर खेचून बसला होता, मागून कुणीतरी ओढून धरल्यासारखा. डावा नट जागेपासून सुटा. मधे नख जाईल एवढी फट. त्या केबलला बोटाने ढकललं तर ती नुसती वाकली, मागे गेली नाही.

"ढिली दिसायली न्हवं?" चाचांनी विचारलं.

"हो."

"का ढिली हाय, हे इचारलास का कधी?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांनीच सांगितलं. केबल दोन कामं करते. लिव्हर ओढला की शूला ताणते, हे सगळ्यांना दिसतं. लिव्हर सोडला की चाकाकडच्या स्प्रिंगने तिला परत ओढून घ्यायचं असतं. हे दुसरं काम कुणी बघत नाही. उजवी केबल परत जाते म्हणून तिचा नट खेचून बसलेला. डावी आतल्या आत कुठेतरी चिकटली आहे. चाकाकडचं टोक ताणलेलंच राहिलंय आणि लिव्हरकडच्या टोकाला ढील आलीय. "ढिली न्हाई ती. अडकलीया. आन तू म्हन्लास पयल्यानं आवळली."

मी तिथेच बोळात पायरीवर बसलो. पहिल्या गॅरेजवाल्याने ही ढील बघितली होती. केबल सैल पडली असं समजून त्याने ती आवळली, म्हणजे अडकलेल्या शूला आणखी चार मिलिमीटर ओढून ठेवलं. आणि मी नट सोडून बघितले तेव्हा चाक मोकळं झालं नाही, कारण अडकलेली जागा नटाच्या पलीकडे, पार चाकाजवळ होती. लिव्हरकडून कितीही ढील दिली तरी ती तिथपर्यंत पोचतच नव्हती. माझी तपासणी बरोबर होती, तिचा अर्थ मी चुकीचा लावला होता. नट ढिला केल्यावर चाक सुटलं तर केबलचा दोष नक्की. पण सुटलं नाही म्हणून केबल निर्दोष ठरत नाही. केबलला निर्दोष म्हणायचं असेल तर तिचं चाकाकडचं टोक शूच्या लिव्हरवरून काढून बघायला हवं.

काही गाड्यांत मधे एकच केबल येते आणि आडव्या पट्टीवरून दोन फाटे जातात. तिथे नटाऐवजी ती पट्टी बघायची. हँडब्रेक सोडल्यावर पट्टी सरळ न राहता तिरकी राहत असेल तर एक बाजू अडकली आहे असं समजा.

तिसऱ्या रविवारी ड्रम काढला. या गाडीत मागचं बेअरिंग ड्रममध्येच बसलेलं असतं, त्यामुळे मधला मोठा नट काढून अख्खा ड्रम ओढावा लागतो. शू आतून धरून बसलेले, ड्रम निघेना. मागच्या प्लेटवर एक रबरी बूच असतं, ते काढून भोकातून स्क्रू ड्रायव्हरने आतला लिव्हर मोकळा करायचा असतो. चाचांनी ते भाच्याच्या हातून करवून घेतलं, मला बाजूला बसवून. म्हणाले, पोराला येऊ दे. ड्रम सुटला तसा भाचा मागे पडता पडता वाचला.

आतली अवस्था डोळ्यांसमोरून जात नाही. तीन महिन्यांपूर्वीचे नवे शू, पण लायनरचा, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थराचा, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झालेला, नखाने ओरखडा उठेना. असा लायनर ब्रेक मारला तरी नीट पकडत नाही. ड्रमच्या आतल्या गोलाईवर मोरपिसावर असतात तसे निळे-जांभळे डाग, आणि डागांच्या मधे केसाएवढ्या बारीक रेघा. बोट फिरवलं तर लागत नव्हत्या, उन्हात तिरका धरला की दिसत होत्या. बेअरिंगचं ग्रीस पातळ होऊन वाहून गेलेलं. रिमवर आलं होतं ते हेच. सिलिंडरची रबरी टोपणं कडक, पिळली तर तुकडे पडले. आणि शूच्या पाठीवरचा हँडब्रेकचा छोटा लिव्हर आपल्या विसाव्याच्या जागेवर टेकलेला नव्हता. मी त्याच्यावरून केबलचं टोक काढलं तसा तो टक् करून जागेवर बसला आणि शू डोळ्यांदेखत आत आले.

चार महिने जे मला छळत होतं ते त्या एका आवाजाने संपलं.

केबल पूर्ण काढून अंगणात लांब पसरली. बाहेरचं प्लास्टिकचं वेष्टण एका जागी सायलेन्सरच्या पट्टीला घासून फाटलेलं. तिथून पावसाचं पाणी आत जात राहिलं असणार. आतली तार पक्कडीने ओढली तर वीतभर येऊन रुतली. ओढताना तोंडातून विटकरी रंगाची पूड सांडली. भाच्याने विचारलं, "मामा, तेल सोडलं तर?" बरेच जण सोडतात. केबल उभी टांगून वरून तेल घातलं की पंधरा दिवस, महिनाभर छान चालते. पण गंजाने तार आणि वेष्टण दोन्ही खरबरीत झालेलं असतं, तेल वाहून गेलं की पुन्हा रुतते. आणि ती कुठे रुतेल हे आपल्या हातात नसतं. घाटात रुतेल. नवी केबल साडेतीनशे रुपयांना मिळाली. साडेतीनशे.

मला एक कोडं मात्र तेव्हाही सुटत नव्हतं. केबल एकदा जिथे अडकली तिथेच अडकली, मग त्रास दिवसेंदिवस वाढत का गेला? याचं उत्तर मी आणि चाचांनी मिळून शोधलं. एक म्हणजे गाडी पुढे जात असताना फिरणारा ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढत आणखी घट्ट बसवतो. ड्रमब्रेकला पायाचा जोर कमी लागतो तो याच गुणामुळे. पण शू जरासा टेकून राहिला की हाच गुण उलटतो. दुसरं म्हणजे या गाडीत शू झिजतील तसं अंतर आपोआप भरून काढणारी दातऱ्यांची पट्टी असते. ड्रम तापला की फुगतो, आतलं अंतर वाढतं. अशा वेळी ब्रेक मारला की पट्टीला वाटतं शू झिजले, ती एक दाता पुढे सरकते. रात्री गाडी गार होते, ड्रम मूळ मापावर येतो, पण पट्टी मागे येत नाही. सकाळी शू कालच्यापेक्षा घट्ट. दुपारी आणखी ताप, आणखी एक दाता. असं चक्र. म्हणून गॅरेजमधून आणल्यावर आठ-दहा दिवस बरं वाटायचं. तिथे पट्टी पहिल्या दात्यावर आणून द्यायचे, मूळ आजार तसाच.

आणि घाटातलं ते खाली गेलेलं पेडल? ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, झाकण बंद असलं तरी वर्षानुवर्षांत थोडं थोडं. डॉट 3 प्रतीचं तेल ताजं असताना किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलं झालं की ही मर्यादा 140 पर्यंत येते. डॉट 4 ची 230 आणि 155. माझ्या टाकीतलं तेल कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं होतं, शेवटचं कधी बदललं ते आठवत नाही. व्हील सिलिंडर त्या भट्टीसारख्या ड्रमच्या पोटातच असतो. तिथे तेल उकळून वाफ झाली. वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. पाय दाबला तो वाफेत गेला. दोनदा पेडल मारल्यावर तेल भरलं म्हणून निभावलं. तेलाची बाटली दीड-दोनशे रुपयांची. दर दोन वर्षांनी सगळं तेल बदला, टाकीत नुसती वरून भर घालू नका, आणि झाकणावर जे लिहिलंय तेच वापरा. इंजिन ऑइल चुकूनसुद्धा नको, त्याने आतली सगळी रबरं फुगतात.

जोडणी करताना चाचांनी दोन गोष्टींवर हट्ट धरला. पहिली, आत हवा मारायची नाही. जुन्या लायनरच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसात गेलं तर निघत नाही. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाकलं. दुसरी, क्रम. शू दोन्हीकडचे नवे, डावा ड्रम बेअरिंगसकट नवा, सिलिंडर नवे, मागच्या प्लेटवर जिथे शू घासतात त्या सहा ठिपक्यांना पॉलिश पेपर मारून ग्रीसचा पुसट हात. मग ड्रम बसवायचा, पण हँडब्रेकची केबल अजून पूर्ण ढिली. आधी तेलातली हवा काढायची. मग पेडल चांगलं दाबून पुन्हा पुन्हा सोडायचं, म्हणजे दातऱ्यांची पट्टी स्वतःच अंतर घेते. दोन्ही चाकं मोकळी फिरतात हे हाताने बघायचं. आणि सगळ्यात शेवटी, अगदी शेवटी, केबलचे नट. हँडब्रेक पाच-सहा टकटकींत नीट धरतोय आणि खाली सोडला की दोन्ही चाकं पुन्हा मोकळी फिरतायत, तिथे थांबायचं. आधी केबल आवळून मग शू जुळवायला गेलं की लिव्हर विसाव्यावर येत नाही आणि आपोआप जुळणारी पट्टीही गोंधळते.

डाव्या बाजूची नवी केबल सायलेन्सरच्या पट्टीपासून लांब घेऊन बांधली. तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडाही गुंडाळला.

पुढच्या रविवारी सकाळी सहाला परत होटगी रोड, परत तेच आठ किलोमीटर, तीच गन. पुढची दोन्ही 54 आणि 55. उजवं मागचं 42. डावं मागचं 43. मी गन बंद करून पुन्हा चालू केली आणि परत मोजलं. 43. नव्या शूवर पहिले दोन-तीनशे किलोमीटर थोडी ऊब जास्त वाटते, ती ठीक आहे, दोन्हीकडे सारखी असली म्हणजे झालं.

चाचांनी पैसे घेतले नाहीत. आईने शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून दिल्या, त्या घेतल्या.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी हँडब्रेकचं कव्हर उचलतो, लिव्हर ओढतो, सोडतो आणि दोन्ही नट बघतो. दोन मिनिटांचं काम. गेल्या रविवारी डावा नट खेचून बसलेला होता. उजव्याखाली मात्र कागद सरकेल एवढी फट दिसली. ती केबल 2003 सालचीच आहे. उजवं चाक अजून मोकळं फिरतंय आणि तापतही नाही, पण मी थांबणार नाही. केबल आणून ठेवलीय. या रविवारी भाचा बसवणार आहे, मी फक्त स्टँड लावून देणार.